पेशखाना

मोगल बादशहा शिकारीला किंवा दौऱ्यावर निघाला, की त्याच्या एक मुक्काम पुढे धाडला जाणारा तंबू-सरंजाम म्हणजे पेशखाना. फार्सीत ‘पेश’ म्हणजे पुढे. बादशहाच्या सामानाचे दोन पुरे संच असत. एका संचात त्याचा आजचा मुक्काम असे, तोवर दुसरा उद्याच्या जागेवर उभा राहत असे. सकाळी कूच झाले, की मागचे तंबू उतरवून ते आणखी एक मजल पुढे नेत. त्यामुळे दिवसभर रानात हिंडून आलेल्या बादशहाला खुंट्या ठोकून होण्याची वाट पाहावी लागत नसे. औरंगजेबाबरोबर काश्मीरला गेलेल्या बर्निए या फ्रेंच वैद्याने अशा एका संचाच्या वाहतुकीला 60 हून अधिक हत्ती, 200 उंट, 100 खेचरे आणि 100 हमाल लागत, असे लिहिले आहे.

अकबराच्या काळचा हिशेब त्याचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याच्या ‘आईन-इ-अकबरी’त सापडतो. 100 हत्ती, 500 उंट, 400 गाडे आणि 100 भोई. संरक्षणाला 500 स्वार. शिवाय इराणी, तुराणी व हिंदुस्थानी मिळून 1,000 फरास (तंबू-बिछायतीचे नोकर), जमीन सपाट करायला 500 बेलदार, 100 भिस्ती, कातडीकाम करणारे 30 जण आणि 150 झाडूवाले. सुतार, तंबू शिवणारे व मशालजी वेगळेच. पायी चालणाऱ्या नोकरांचा पगार महिना 130 ते 240 दाम (तांब्याची नाणी). वाचणाऱ्याला ही मोठ्या स्वारीची यादी वाटेल. पण मोठ्या छावणीचे वर्णन करणे अवघड, म्हणून शिकारीला आणि जवळच्या प्रवासाला लागते तेवढेच सांगतो, असे म्हणून त्याने ती दिली आहे!

जागा ठरली की मधोमध गुलालबार उभारत. हे कुलूपकिल्लीच्या भक्कम दारांचे आवार किमान शंभर गज चौरस असे. जवळच दुमजली लाकडी मंडप असे. त्याच्या वरच्या मजल्यावर बादशहा उपासना करी. छावणीचा नकाशा प्रत्येक मुक्कामाला तोच ठेवत, म्हणजे नव्या जागीही ज्याला त्याला आपली राहुटी सापडे. तरीही रात्री कोणी चुकू नये म्हणून दरबारासमोर 40 गजांहून उंच खांब सोळा दोरांनी ताणून उभा करत आणि त्याच्या टोकाला मोठा दिवा लावत. त्याला ‘आकाशदिया’ म्हणत; आपल्या आकाशदिव्याशी त्याचे नाते कानालाच कळते.

पाण्याची व्यवस्था आबदारखान्याकडे होती. अकबर घरी असो की प्रवासात, गंगेचेच पाणी पीत असे. दरबार आग्रा-फत्तेपूरकडे असला की सोरोंहून आणि पंजाबात असला की हरद्वारहून, नदीकाठी नेमलेले विश्वासू लोक मोहोरबंद घागरींतून ते पाठवत. थंड करायला सोरा वापरत : सोरा मिसळलेल्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची सुरई ठेवून ती बराच वेळ हलवत राहायचे. बंदुकीच्या दारूतला घटक शिकारीच्या सरबतालाही असा उपयोगी पडे.

प्राण्यांची तयारी त्याहून आधी सुरू होई. काळविटांच्या शिकारीसाठी पकडलेल्या चित्त्याला शिकवायला पूर्वी तीन महिने लागत, अकबराच्या पद्धतीने ते काम अठरा दिवसांवर आले, असे अबुल फजल सांगतो. मालकाच्या कौतुकात तो कधी हात आखडता घेत नाही, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचावा. चित्त्यांच्या आठ प्रती होत्या आणि प्रतीप्रमाणे रोजचे मांस पाच शेरांपासून पावणेतीन शेरांपर्यंत ठरलेले असे. डोळे बांधून त्यांना गाड्यावरून नेत. समंद माणिक नावाच्या लाडक्या चित्त्याला मात्र चौडोलात, म्हणजे पालखीसारख्या वाहनात बसवून, पुढे नगारा वाजवत नेत.

सिंहाच्या शिकारीत सावजही तयार करून ठेवले जाई. बर्निएच्या वर्णनाप्रमाणे सिंहाच्या वावराच्या जागी गाढव बांधत; तो ते खाऊन तिथे रुळला आणि बादशहा जवळ आल्याची वर्दी मिळाली, की शेवटच्या गाढवाला भरपूर अफू पाजलेली असे. सिंह निसटणे हा मोठा अपशकुन मानला जाई, त्यामुळे अफूवर कोणी काटकसर करत नसावे.

कमरगा या हाक्याच्या शिकारीला सर्वांत जास्त माणसे लागत. 1567 मध्ये लाहोरजवळ हजारो हाकाऱ्यांनी सुमारे महिनाभर रान उठवून जनावरे एका वेढ्यात आणली. अकबराने तिथे पाच दिवस शिकार केली. 1578 मध्ये झेलमकाठी भेरा येथे वेढा जवळजवळ मिटत आला असताना त्याने अचानक शिकार थांबवून जनावरे सोडून द्यायला सांगितले.

एवढा खटाटोप फक्त हरणांसाठी नव्हता. शिकारीच्या निमित्ताने, आधी न कळवता, रयतेची आणि लष्कराची स्थिती पाहता येते, असे अबुल फजल म्हणतो. शंभर हत्तींसह ‘न कळवता’ कसे जायचे, हे तो सांगत नाही. 1564 मध्ये मात्र हा बहाणा उपयोगी पडला : हत्ती धरायला नरवरच्या रानाकडे निघालेला अकबर पुढे माळव्यात उतरला आणि बंडाच्या पवित्र्यातल्या अब्दुल्लाखान उझबेगाला पळावे लागले. तंबू, दाणागोटा, माणसे सगळे बरोबर होतेच. शिकारीची छावणी लढाईची व्हायला वेगळी तयारी लागली नाही.

ठरलेल्या शिकारगाहांत पुढे पक्की बांधकामे झाली. जहांगीरच्या मानसराज नावाच्या लाडक्या हरणाची आठवण असलेला हिरण मिनार आजच्या पाकिस्तानात शेखूपुऱ्याला आहे. दिल्लीजवळच्या पालमला शहाजहान शिकार करी. तिथे आता विमाने उतरतात.

या व्यवस्थेतले बरेच शब्द मराठी राज्यकारभारातही आले. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत फरासखाना, आबदारखाना, पीलखाना (हत्तीखाना) आणि शिकारखाना आहेत. पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. पुण्यात बुधवार पेठेतल्या पोलीस ठाण्याला आजही फरासखाना म्हणतात. तंबू-कनातींशी त्याचा आता काही संबंध उरलेला नाही.