न्यायमूर्ती तेलंग: एका भिन्नमताची पार्श्वभूमी

एकत्र कुटुंबात आजोबा, चुलते, बाप सगळे एकत्र आहेत. मुलाला वाटणी हवी आहे, बापाला नको आहे. अशा वेळी मुलगा दावा लावू शकतो का? अपाजी नरहर विरुद्ध रामचंद्र रावजी या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठापुढे हा प्रश्न आला. बहुमताने उत्तर दिले, नाही. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी एकट्याने वेगळे मत लिहिले. मुंबईत बहुमताचा नियम चालू राहिला, पण मद्रासकडे मुलाचा हक्क मान्य झाला. हे मत लिहिणारा माणूस कसा घडला, हे पाहिले की त्या निकालपत्राचे वजन कळते.

तेलंगांचा जन्म 1850 साली मुंबईचा. काकांनी त्यांना दत्तक घेतले. म्हणजे हिंदू कायद्यातला एक मोठा विषय त्यांच्या घरातच होता! एल्फिन्स्टनमध्ये शिकून ते एम. ए., एल्एल. बी. झाले आणि 1872 मध्ये ॲडव्होकेटची परीक्षा उतरून उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे जिथे दावे थेट उच्च न्यायालयातच दाखल होत तिथे, वकिली करू लागले. ही गोष्ट साधी नव्हती. त्या शाखेत विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांचे राज्य होते. फिरोजशहा मेहता आणि बद्रुद्दीन तय्यबजी हे त्यांचे स्नेही इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले होते. तेलंग मुंबईतच शिकले आणि त्याच बळावर तिथे उभे राहिले.

वकिलीच्या जोडीला संस्कृत होतेच. रामायणाची कथा होमरवरून घेतली असावी, हा जर्मन पंडित वेबर यांचा तर्क. तेविसाव्या वर्षी तेलंगांनी त्याला उत्तर लिहिले. भर्तृहरीची शतके आणि मुद्राराक्षस त्यांनी संपादित केले. गीतेचे इंग्रजी भाषांतर आधी पद्यात केले, मग 1882 मध्ये मॅक्स म्यूलर यांच्या ग्रंथमालेसाठी गद्यात. माझ्या मते त्यांच्या वकिलीचे खरे भांडवल हेच. हिंदू कायद्याच्या खटल्यात इंग्रज न्यायाधीश भाषांतरावर विसंबत. तेलंग मिताक्षरा आणि मयूख हे हिंदू कायद्याचे संस्कृत ग्रंथ मुळातून वाचत. वर सांगितलेल्या प्रश्नाच्या मुळाशी याज्ञवल्क्यांचे वचन आहे: आजोबांनी मिळवलेल्या जमिनीत व द्रव्यात ‘सदृशं स्वाम्यं पितुः पुत्रस्य चैव हि’, बाप आणि मुलगा यांची मालकी सारखीच.

बहुमताच्या दडपणाखाली गप्प बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. 1882 च्या शिक्षण आयोगात, म्हणजे हंटर कमिशनमध्ये, ते सभासद होते. शाळा-कॉलेजांत नीतीचे क्रमिक पुस्तक लावावे या शिफारशीविरुद्ध त्यांनी वेगळे टिपण जोडले.

1884 मध्ये सरकारने त्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलवर नेमले. तेव्हाचे कौन्सिल आजच्या विधिमंडळासारखे समजू नये. 1861 च्या कायद्याने सभासद नेमलेले असत. प्रश्न विचारायचा हक्क नव्हता, अंदाजपत्रकावर चर्चा नव्हती. समोर आलेल्या विधेयकापुरते बोलायचे. त्या मर्यादेचा अनुभव घेत असतानाच, डिसेंबर 1885 मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलेल्या पहिल्या काँग्रेसमध्ये, कौन्सिले वाढवून त्यांत निवडलेले सभासद घ्यावेत, असा ठराव त्यांनी मांडला. सरकारनियुक्त सभासदाने लोकनियुक्त सभासद मागावेत, याला धैर्य लागते.

1889 मध्ये नानाभाई हरिदास यांच्या जागी ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि राजकारण सुटले. 1892 मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू म्हणून त्यांची नेमणूक झाली. शास्त्र आणि रूढी यांच्या बलाबलाबद्दल त्यांनी आधीच मराठीत लिहिले होते. न्यायासनावर तोच विचार कामाला आला. धर्मशास्त्र जुन्या वचनांत गोठलेले नाही, समाजाबरोबर ते हलत आले आहे, अशी त्यांची धारणा होती.

एक गोष्ट मात्र टोचते. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय वाढवणाऱ्या कायद्याला, त्यांनी जाहीर पाठिंबा दिला, आणि 1893 मध्ये स्वतःच्या मुलीचे लग्न तिच्या आठव्या वर्षी लावले. सुधारकांनी त्यांच्यावर कडक टीका केली, आणि ती रास्तच होती. समाजसुधारणेत जिथे विरोध कमी तिथून वाट काढावी, असे ते 1886 पासून सांगत आले होते. त्या वाटेने चालताना घरात माघार घ्यावी लागते, हे त्या लग्नात दिसले. त्यांच्या थोरवीबद्दल लिहिताना हे झाकून चालणार नाही.

त्याच वर्षी 1 सप्टेंबरला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते वारले. त्यांच्या जागी न्यायाधीश झाले महादेव गोविंद रानडे. 1900 मध्ये रानड्यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर पुस्तक काढले, तेव्हा मराठी बखरींवरचा तेलंगांचा निबंध त्याला शेवटी जोडला.