यू३ आणि यूएचएस-टू: रॉ फोटोंसाठी कार्ड घेताना कोणती खूण वाचायची?

रॉ फोटो, म्हणजे सेन्सरने टिपलेला सगळा डेटा ठेवणाऱ्या मोठ्या फाइली, काढणाऱ्यांच्या तोंडी मेमरी कार्डाबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘कार्ड यू३ आहे, म्हणजे फास्टच आहे.’ आणि तरीही कॅमेरा नेमका नको तेव्हा अडतो. पाण्यावर घिरट्या घालणारा खंड्या सूर मारतो, आपण शटर दाबून धरतो, पहिले तीन-चार सेकंद फ्रेम धडाधड पडतात आणि मासा चोचीत धरून तो पाण्याबाहेर येतो त्याच क्षणी शटर थांबत थांबत चालायला लागतं. कार्डावर लिहिणं चालू असल्याचा छोटा दिवा लुकलुकत राहतो. कॅमेऱ्यात बिघाड नसतो, कार्डही खराब नसतं. कार्ड घेताना आपण भलतीच खूण वाचलेली असते. मी स्वतः बरेच दिवस तशीच वाचत होतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

एसडी प्रकारच्या मेमरी कार्डाच्या लेबलावर दोन खुणा जवळजवळ असतात. एक म्हणजे इंग्रजी यू अक्षर आणि त्याच्या पोटात १ किंवा ३. दुसरी म्हणजे नुसता रोमन आकडा, एक उभी रेघ किंवा दोन. पहिलीला आपण यू१, यू३ म्हणतो, दुसरीला यूएचएस-वन, यूएचएस-टू. नावं सख्ख्या बहिणींसारखी असल्यामुळे तीन हा दोनपेक्षा मोठा, म्हणून यू३ हे यूएचएस-टूच्या पुढचं असा समज सहज होतो. प्रत्यक्षात या दोन मोजपट्ट्यांचा एकमेकींशी संबंध फार थोडा आहे.

रोमन आकडा कार्ड आणि कॅमेरा यांच्यामधला रस्ता किती रुंद आहे ते सांगतो. यूएचएस-वनच्या रस्त्यावरून सेकंदाला जास्तीत जास्त १०४ एमबी जाऊ शकतात, यूएचएस-टूच्या रस्त्यावरून ३१२. हा फरक डोळ्यांनीही दिसतो. कार्ड उलटं करून बघा. यूएचएस-वनच्या कार्डाला सोनेरी पट्ट्यांची एकच ओळ असते. यूएचएस-टूला तिच्या खाली दुसरी, आखूड पट्ट्यांची ओळ असते, दोन्ही मिळून १७ पट्ट्या. लेबल पुसट झालं असेल किंवा त्यावर शंका असेल, तरी ही दुसरी ओळ बघून रस्ता कोणता ते कळतं.

यूच्या पोटातला आकडा वेगळंच काही सांगतो. तो कमाल वेगाबद्दल बोलतच नाही, किमान वेगाची हमी देतो. यू१ म्हणजे लिहिताना सेकंदाला १० एमबीच्या खाली जाणार नाही, यू३ म्हणजे ३० च्या खाली जाणार नाही. २०१६ साली यात व्ही अक्षराच्या खुणा आल्या. व्ही३० ची हमी यू३ इतकीच, व्ही६० ची ६० आणि व्ही९० ची ९० एमबी. बऱ्याच कार्डांवर यू३ आणि व्ही३० शेजारी शेजारी दिसतात, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगितलेली असते.

आता ही किमान वेगाची हमी मुळात कुणासाठी, हे कळलं की सगळा गुंता सुटतो. ती व्हिडिओसाठी आहे. व्हिडिओ थांबू शकत नाही. डेटा सतत, एकसारखा येत असतो आणि कार्ड मध्येच दम खायला थांबलं तर रेकॉर्डिंग तुटतं. तिथे कार्ड कधीकधी किती पळतं याला महत्त्व नाही, ते कधीच किती खाली जात नाही याला आहे. आणि व्हिडिओची भूकही वाटते तेवढी नसते. कॅमेऱ्यात २०० मेगाबिटवर फोर-के रेकॉर्डिंग लावलं, तर आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने सेकंदाला फक्त २५ एमबी होतात. यू३ ची ३० ची हमी त्याला पुरते.

रॉ फोटोंचं गणित याच्या अगदी उलटं आहे. समजा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे आणि १४-बिट रॉ आहे. अजिबात न दाबलेली एक फाइल ४२ एमबीच्या आसपास जाते. लॉसलेस कॉम्प्रेशन, म्हणजे काहीही न गमावता फाइल लहान करण्याची सोय, लावलं तर सोयीसाठी ३० धरू. सेकंदाला १० फ्रेम म्हणजे सेकंदाला ३०० एमबी. हे सगळं लगेच कार्डावर जात नाही, आधी कॅमेऱ्याच्या बफरमध्ये साठतं. बफर म्हणजे टाकी, कार्ड म्हणजे तिचा खालचा नळ. टाकीत ४० फ्रेम मावत असतील तर चार-साडेचार सेकंद कुठलंही कार्ड चालतं, कारण टाकी भरेपर्यंत कार्डाचा वेग आपल्याला जाणवतच नाही. टाकी भरली की खरी परीक्षा. ४० फ्रेमचे १,२०० एमबी, नळ ८० एमबीचा असेल तर १५ सेकंद, २४० चा असेल तर पाच सेकंद. पक्ष्याच्या पुढच्या झेपेच्या वेळी टाकी रिकामी आहे की अर्धी भरलेली, हे त्या दहा सेकंदांत ठरतं.

म्हणून रॉच्या बर्स्टसाठी, म्हणजे शटर दाबून धरून सलग काढलेल्या फ्रेमसाठी, मी आधी रोमन आकडा बघतो, यू३ कडे नंतर. यू३ चं यूएचएस-वन कार्ड कितीही चांगलं असलं तरी १०४ ची भिंत ओलांडून कॅमेऱ्यात लिहू शकत नाही.

पण दोन रेघा दिसल्या की काम झालं, असंही नाही. रस्ता रुंद असला तरी गाडी हळू असू शकते. लेबलावर ठसठशीत छापलेला आकडा, २५० किंवा २८० वगैरे, हा सहसा वाचण्याचा वेग असतो, म्हणजे घरी आल्यावर फोटो कॉम्प्युटरवर उतरवतानाचा. लिहिण्याचा वेग कधी मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो, कधी फक्त कंपनीच्या साइटवर. यूएचएस-टूची दोन कार्डं, दोन्हींवर व्ही६० आणि दोन्हींवर वाचण्याचा वेग २५० च्या पुढे, पण एक १२० ने लिहितं आणि दुसरं २०० च्या वर, असं खरंच असतं. रॉ काढणाऱ्याने पैसे द्यायचे ते या लिहिण्याच्या आकड्यासाठी. तो शोधायला दहा मिनिटं गेली तरी चालतील.

एकच रोमन रेघ असलेल्या काही कार्डांवर १७० किंवा २०० असा आकडा दिसतो आणि १०४ च्या नियमाशी तो जुळत नाही. तो वेग ठरावीक कार्ड रीडर लावल्यावर, कंपनीच्या वेगळ्या पद्धतीने मिळतो. कॅमेऱ्यात तेच कार्ड यूएचएस-वनच्या नेहमीच्या मर्यादेत चालतं.

दुसरी अर्धी गोष्ट कॅमेऱ्याच्या स्लॉटची. यूएचएस-टू कार्ड यूएचएस-वनच्या स्लॉटमध्ये बसतं आणि व्यवस्थित चालतं, पण पट्ट्यांच्या दुसऱ्या ओळीला टेकायला समोर काहीच नसतं, त्यामुळे वेग जुनाच राहतो. फुजीफिल्मच्या एक्स-टी१ मध्ये २०१४ सालीच यूएचएस-टू आलं होतं, आणि कॅननच्या २०१७ च्या सिक्स-डी मार्क टूमध्ये मात्र यूएचएस-वनच होतं. म्हणजे कॅमेरा नवा की जुना यावरून अंदाज बांधू नका, मॅन्युअलमध्ये स्लॉटचं पान उघडा. दोन स्लॉट असतील तर दोन्ही बघा. सोनीच्या ए७ थ्रीमध्ये पहिला स्लॉट यूएचएस-टू आहे, दुसरा यूएचएस-वन. अशा कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन्ही कार्डांवर रॉ लिहायला लावलं की टाकी हळू नळाच्या हिशेबानेच रिकामी होते, आणि महागडं कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये नुसतं वाट बघत बसतं. लग्नासारख्या, पुन्हा न येणाऱ्या प्रसंगी मी तरीही दोन्हींवर लिहितो. तिथे वेगापेक्षा दुसरी प्रत मोलाची.

हातात आधीच कार्ड असेल तर छापील आकड्यांवर विसंबू नका, मोजा. कॅमेरा भरपूर पानं असलेल्या झाडाकडे रोखा, रॉ आणि सर्वांत जलद बर्स्ट लावा, शटरचा वेग १/५०० ठेवा म्हणजे तो आडवा येणार नाही. शटर दाबून धरा आणि लय तुटली की बोट काढा. तिथून दिवा विझेपर्यंतचे सेकंद फोनच्या स्टॉपवॉचवर घ्या. लेन्सची टोपी लावून किंवा कोऱ्या भिंतीवर ही चाचणी करू नका. तपशील नसला की लॉसलेस रॉ लहान होते आणि कार्ड आहे त्यापेक्षा चांगलं वाटतं. उलट कमी उजेडासाठी आयएसओ वाढवला की फोटोत येणारे दाणे, म्हणजे नॉइज, फाइल मोठी करतो, तेव्हा संध्याकाळच्या उजेडात फोटो काढत असाल तर चाचणीही त्याच आयएसओवर घ्या.

ट्रायपॉडवर निसर्गचित्रं, पोर्ट्रेट, वस्तूंचे फोटो असं एकेक फ्रेमचं काम असेल तर यूएचएस-वनचं चांगलं यू३ कार्ड बिनधास्त घ्या. दोन फ्रेमच्या मध्ये टाकी आपोआप रिकामी होते, आणि वाचलेल्या पैशांत दुसरं कार्ड येतं. सेकंदाला २० फ्रेम आणि ४५ मेगापिक्सेल असा कॅमेरा असेल तर मात्र यूएचएस-टूही कमी पडतं. अशा कॅमेऱ्यांत सीएफएक्सप्रेस या एसडीहून कितीतरी वेगवान, वेगळ्या प्रकारच्या कार्डाचा स्लॉट दिलेला असतो, तो रिकामा ठेवून शेजारच्या एसडी स्लॉटवर बर्स्ट काढू नका.