डबा घेण्याआधी बॅरलला विचारा
(10 मीटर एअर रायफलच्या नेमबाजांसाठी आणि पालकांसाठी)

"सगळ्यात चांगले पेलेट कुठले? तेच द्या," असं आमच्या दुकानात रोज कोणीतरी विचारतं. पेलेट म्हणजे एअर रायफलची शिशाची छोटी गोळी. महागडा डबा काढून देणं आम्हाला सोपं आहे. पण तो तुमच्या रायफलला मानवेल का, हे आम्ही नुसतं बघून सांगू शकत नाही. एकाच मॉडेलची दोन बॅरलसुद्धा (रायफलच्या नळ्या) आतून हुबेहूब सारखी नसतात.

सगळ्याच पेलेटना आपण 4.5 मिलिमीटरचे म्हणतो, पण बऱ्याच डब्यांवर बारीक अक्षरात 4.49, 4.50, 4.51 असा डोक्याचा व्यास दिलेला असतो. डोकं लहान पडलं तर बॅरलमधल्या पिळाच्या खाचा त्याला नीट धरत नाहीत. मोठं झालं तर ते जास्त घासतं आणि वेग बदलतो. सळईने हळूच ढकलून बाहेर काढलेला पेलेट भिंगाखाली धरला की हे दिसतं: डोक्याभोवती सगळीकडून सारख्या, नाजूक रेघा हव्यात. एकाच बाजूला रेघा असतील तर आम्ही दुसरा व्यास काढतो. ही सळईची तपासणी मात्र घरी करू नका, दुकानात आमच्यासमोर करू.

एवढ्याशा फरकाने काय होतं? टार्गेटवर एक दशांश गुण म्हणजे पाव मिलिमीटर. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा शूट-ऑफमध्ये (बरोबरी सोडवणाऱ्या जादा शॉटमध्ये) 10.0 वर राहिले, समोरच्याने 10.5 मारला आणि कांस्यपदक हुकलं. केंद्रापासूनच्या अंतरात दोघांचा फरक सव्वा मिलिमीटरचा. तिथे पेलेट चुकले होते असं मुळीच नाही, पण न जुळणारा लॉट (एका वेळी बनलेल्या पेलेटची खेप) तेवढं अंतर सहज खाऊन टाकतो, आणि पोरगं बिचारं स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसतं.

खरा निकाल कागदावरच लागतो. रायफल व्हाइसमध्ये पक्की बांधायची, 10 मीटरवरून प्रत्येक लॉटचे दहा शॉट एकाच जागी मारायचे. लॉट बदलला की पहिले काही शॉट मोजायचे नाहीत, कारण आधीच्या शिशाचा थर निघून जावा लागतो. मग व्हर्नियरने ग्रुपच्या (त्या दहा भोकांच्या पुंजक्याच्या) बाहेरच्या कडा मोजून त्यातून 4.5 वजा करायचे. जुळलेल्या लॉटचा नंबर लिहून ठेवा आणि जमलं तर सीझनभराचे डबे त्याच लॉटचे घ्या. नाव तेच, पण लॉट नवा असेल तर चाचणी पुन्हा करायची.

हल्ली स्लगचीही (एअर रायफलच्या दुसऱ्या प्रकारच्या गोळीचीही) विचारणा होते. दहा मीटरसाठी ते घेऊ नका. स्लगला पेलेटसारखी कंबर नसते, त्याचं सगळं अंग खाचांना घासतं, आणि आपल्या मॅच रायफलचा सेकंदाला 170 मीटरच्या आसपासचा वेग त्याला पुरत नाही. शिवाय पेलेटचं सपाट डोकं कागदात स्वच्छ गोल भोक पाडतं, ते इथे फार महत्त्वाचं.

खाली पडलेला पेलेट वापरू नका, त्याची मागची कड वाकलेली असू शकते. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, लहान मुलांचे तर नक्कीच.

चाचणीला येताना रायफलचा हवेचा सिलिंडर भरून आणा आणि आदल्या दिवशी कळवा. चाचणीसाठी उघडलेला डबा तुम्ही घ्यायलाच हवा असं नाही.