मोजलेला समुद्र, न टिकलेला पाइप

दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत वर्षातून एखादा दिवस सगळ्यांना आत जाऊ देतात. शाळेत असताना अशाच एका दिवशी तिथल्या टेबलावरचा काळपट गोळा मी हातात घेतला होता. बटाट्याएवढा, खडबडीत, दिसतो त्यापेक्षा हलका. खाली ठेवला तर बोटांना काजळीसारखा डाग. दहा लाख वर्षांत हा जेमतेम काही मिलिमीटर वाढतो, असं तिथल्या माणसाने सांगितलं. ते तेव्हा डोक्यावरून गेलं. घरी येऊन आईला एवढंच सांगितलं की समुद्राच्या तळाशी कोळशासारखे बटाटे असतात.

त्या बटाट्यात मँगनीज, निकेल, तांबं आणि कोबाल्ट असतं. भारताचा सरकारी समुद्र-कार्यक्रम आज जसा दिसतो, त्यात या गोळ्याचा वाटा मोठा आहे. समुद्रातून वीज काढायचे प्रयत्न का रखडले, हेही या गोळ्याच्या शेजारी ठेवून पाहिलं की नीट कळतं.

गोव्यात समुद्र मोजायची सुरुवात तशी जुनी. दों जुआंव द काश्त्रु हा पोर्तुगीज दर्यावर्दी, पुढे इथला व्हिसरॉय झालेला, १५३८–३९ मध्ये गोव्याहून दीवला गेला, तो वाटेतल्या खाड्या आणि बंदरं टिपत. होकायंत्राची सुई कुठे किती हलते याचीही तो नोंद ठेवी. वसईजवळ सुई भलतीकडेच वळली, तेव्हा पाण्याखालच्या खडकांचा हा परिणाम असावा, असं त्याने लिहिलं. आपल्या किनाऱ्याखालचा काळा बसाल्ट ज्याने पाहिलाय, त्याला यात नवल वाटणार नाही. अर्थात ही सगळी मोजणी आरमारासाठी होती.

विज्ञानासाठी म्हणून हिंदी महासागराकडे जगाने बऱ्याच उशिरा पाहिलं. १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरलेल्या 'चॅलेंजर' जहाजाने या महासागराचा उत्तर भाग टाळलाच. ती कसर आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने भरून काढली. १९६० ते ६५ च्या दरम्यान चाळीसहून अधिक जहाजांनी हा समुद्र पिंजून काढला. आपल्याकडे तेव्हा संशोधनासाठी बांधलेलं मोठं जहाज नव्हतं, म्हणून नौदलाची 'कृष्णा' ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, कामाला लावली. मोहीम संपली तेव्हा हाती ढीगभर नोंदी होत्या, शिकून तयार झालेली माणसं होती आणि त्यांना बसवायला जागा नव्हती. त्यातून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली. डॉ. एन. के. पणिक्कर पहिले संचालक. सुरुवातीचा कारभार दिल्लीतून चालला, समुद्रापासून हजारभर किलोमीटर दूर! मग मुख्यालय गोव्यात आलं. गोवा मुक्त होऊन तेव्हा दशकसुद्धा झालं नव्हतं.

संस्था आली, पण जहाजाचं काय? १९७६ मध्ये मिळालेली 'गवेषणी' मुळात गाळ वाहून नेणारी बार्ज होती. कलकत्त्याच्या गार्डन रीच गोदीत तिचं संशोधन जहाज केलं. बार्ज म्हटलं की गोवेकराच्या डोळ्यांपुढे मांडवीतून लाल खनिज घेऊन मुरगावकडे सरकणारी लांबट, बसकी होडी येते; कळंगुटला लाटांवर कुणी ती नेणार नाही. गवेषणीवरून काम केलेल्यांकडून तिच्या हिंदकळण्याच्या गोष्टी ऐकाव्यात. तरीही पुढची अठरा वर्षं देशाचं समुद्रविज्ञान बरंचसं तिच्याच जिवावर चाललं.

२६ जानेवारी १९८१ रोजी याच गवेषणीने तळाचे ते धातूयुक्त गोळे पहिल्यांदा वर आणले. या तारखेत मला प्रजासत्ताक दिनापेक्षाही एक वेगळी गंमत दिसते. संयुक्त राष्ट्रांत त्या वेळी समुद्र कायद्याची घासाघीस शेवटच्या टप्प्यात होती. कुठल्याच देशाच्या मालकीचा नसलेला खोल तळ कोण आणि कशा अटींवर खोदणार, हा वाद. १९८२ मध्ये ठरलं की ज्यांनी १ जानेवारी १९८३ च्या आत या कामावर किमान ३ कोटी डॉलर घातलेत, त्यांना 'आद्य गुंतवणूकदार' म्हणून राखीव क्षेत्र मागता येईल. त्या ठरावात फ्रान्स, जपान आणि सोव्हिएत संघाच्या रांगेत भारताचं नाव होतं. गाळाच्या बार्जवरून ते जमलं! जुलै १९८१ मध्ये दिल्लीत महासागर विकास विभाग स्थापन झाला. १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचा पट्टा आपल्या नावे लागला. त्यातला निम्मा ठरल्याप्रमाणे नंतर सोडून द्यायचा होता, तो सोडला. उरलेल्या ७५ हजारांवर २००२ पासून आंतरराष्ट्रीय करार आहे. खाणकाम मात्र आजही कुणी सुरू केलेलं नाही.

अंटार्क्टिकाचंही तसंच. ६ डिसेंबर १९८१ रोजी 'पोलर सर्कल' हे भाड्याने घेतलेलं नॉर्वेचं जहाज २१ जणांना घेऊन गोव्यातून निघालं. फार गाजावाजा न करता. मोहिमेचे नेते डॉ. सय्यद जहूर कासिम, दोना पावलच्या संस्थेचे माजी संचालक. ९ जानेवारी १९८२ ला मंडळी बर्फावर उतरली आणि फेब्रुवारीत गोव्यातच परतली. पुढच्या वर्षी, १९८३ मध्ये, भारत अंटार्क्टिक करारात सामील झाला आणि काही आठवड्यांतच त्याला मताचा अधिकार मिळाला. तिथे प्रत्यक्ष संशोधन केल्याशिवाय तो मिळत नाही.

यानंतरची वाढ भराभर सांगतो. १९८३ मध्ये जर्मनीत बांधलेली 'सागर कन्या' आली. १९९३ मध्ये चेन्नईत राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्था निघाली. १९९८ मध्ये वास्कोच्या हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं केंद्र उभं राहिलं. २००६ मध्ये विभागाचं रूपांतर पृथ्वी विज्ञान मंत्रालयात झालं. २०१४ मध्ये दोना पावलच्या संस्थेला सुरतेत बांधलेली 'सिंधु साधना' मिळाली.

आता विजेकडे वळू.

गोळ्यांच्या मागे बाहेरची मुदत होती, बर्फाच्या मागे बाहेरची अट. पोचलो नाही तर जागा गेली. विजेच्या मागे ना अशी मुदत होती ना अट, कोळसा स्वस्त होता, आणि नमुना घेऊन परत यायची सोयही नव्हती. यंत्र समुद्रातच ठेवायचं, तेही वर्षानुवर्षं. १९९१ मध्ये केरळात तिरुवनंतपुरमजवळ विळिंजमला आयआयटी मद्रासच्या मंडळींनी लाटांवरचं १५० किलोवॉटचं संयंत्र चालवून दाखवलं. लाट काँक्रीटच्या पोकळ खोक्यात शिरते, आतली हवा दाबते, ती हवा टर्बाइन फिरवते. चाललं, पण प्रयोगापलीकडे गेलं नाही.

दुसऱ्या प्रयत्नाचं गोव्याशी नातं आहे. तो समुद्राच्या उष्णतेवरचा. वरचं पाणी २८–२९ अंश, हजार मीटर खाली ७ च्या आसपास. वरच्या पाण्याच्या उबेवर अमोनियाची वाफ करायची, तिच्यावर टर्बाइन फिरवायचं, खालच्या थंड पाण्याने ती पुन्हा द्रव करायची. एक मेगावॉटचं असं तरंगतं संयंत्र तमिळनाडूच्या कुलशेखरपट्टिणमसमोर उभं करायचं ठरलं. त्यासाठीची 'सागर शक्ती' बांधली गेली ती गोव्यातल्या गोदीत. आणि तीही बार्जच! खनिजाच्या धंद्यामुळे बार्ज बांधणारे हात इथे तयार होते.

बार्ज तरंगली. घोडं अडलं ते थंड पाण्याच्या पाइपावर. मीटरभर व्यासाचा, जवळजवळ किलोमीटरभर लांब प्लास्टिकचा पाइप भर समुद्रात उभा सोडायचा होता. वारा, प्रवाह आणि स्वतःचं वजन यांच्या ओढाताणीत तो हातचा गेला, पुन्हा केलेला प्रयत्नही फसला आणि संयंत्र कधी सुरू झालंच नाही. तंत्र मात्र वाया गेलं नाही. वरच्या-खालच्या पाण्याच्या तापमानातल्या याच फरकावर २००५ मध्ये लक्षद्वीपच्या कवरत्तीला रोज एक लाख लिटर गोडं पाणी बनू लागलं, आणि २००७ मध्ये सागर शक्तीवरच चेन्नईसमोर रोज दहा लाख लिटरचा प्रयोग झाला. विजेसाठी निघालेली बार्ज पाणी घेऊन आली. बेटावरच्या माणसाला विचाराल तर तो सौदा वाईट नव्हता.

गोव्यातच हे का नाही, असं इथे कुणीतरी विचारतंच. आपल्यासमोरचा उथळ तळ शंभर किलोमीटरच्या आसपास पसरलेला. हजार मीटर खोली गाठेपर्यंत जमीन केव्हाच दिसेनाशी झालेली असते. कवरत्तीला तसं नाही, किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की तळ खोल जातो. आपल्या लाटा जून ते सप्टेंबर पिसाळलेल्या, एरवी मऊ. आणि भरती-सुकतीतला फरक उधाणालाही दोन मीटरांच्या आसपास. खंबायतच्या आखातात तो याच्या चौपटीहून जास्त होतो, म्हणून भरतीच्या विजेचे बरेचसे कागद गुजरातकडे गेले. तेही अजून कागदावरच आहेत.

दोन मीटरांचा उपयोग गोवेकराने आपल्या पद्धतीने आधीच करून ठेवला होता. चोडणला एका नातेवाइकाच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात, मी मानस पाहिली आहे. बांधात बसवलेली लाकडी दारं. भरती आली की नदीचं पाणी दार दाबून आपोआप बंद करतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. सुकती लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. तिथेच जाळं लावून रात्री मासळी धरतात, आणि त्या मासळीच्या हक्काचा लिलाव होतो. तारा नाहीत, टर्बाइन नाही. लाकूड कुजलं की बदलायचं, बांध फुटला की गावाने मिळून भरायचा.

२०१९ मध्ये केंद्राने समुद्रातल्या विजेला अक्षय ऊर्जेत धरलं, म्हणजे निदान सरकारी खात्यात तिला रकाना मिळाला. जून २०२१ मध्ये ४,०७७ कोटींचं खोल समुद्र अभियान मंजूर झालं. बातम्यांत दिसते ती त्यातली 'मत्स्य ६०००', तिघांना सहा हजार मीटर खाली नेणारी पाणबुडी, पुन्हा त्याच गोळ्यांच्या दिशेने. सप्टेंबर २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग रिज या हिंदी महासागराच्या तळावरच्या डोंगररांगेतल्या दहा हजार चौरस किलोमीटरांत धातूंच्या सल्फाइडांचा, म्हणजे गंधकाशी जोडलेल्या धातूंच्या खनिजांचा, शोध घ्यायचा करारही झाला. ते काम वास्कोच्या केंद्राकडे आहे.

त्याच अभियानात एक छोटी ओळ विजेची आहे: कवरत्तीला गोड्या पाण्याच्या संयंत्रासाठी समुद्राच्याच उष्णतेवर ६५ किलोवॉट. सागर शक्तीकडून अपेक्षा होती त्याचा पंधरावा हिस्सा. या वेळी यंत्र जमिनीवर असेल. थंड पाण्याचा पाइप मात्र समुद्रातच टाकावा लागणार आहे.