टोकन-कॉन्ट्रॅक्ट : घटकनिवड

इथेरियम व तत्सम ब्लॉकचेनवर नवे टोकन (साखळीवर नोंदलेले, एकाकडून दुसऱ्याकडे पाठवता येणारे डिजिटल एकक) काढताना, ईआरसी-२० या मूळ मानकापलीकडची कोणती कार्ये त्याच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, असावीत हे तयार सुट्या घटकांतून ठरवण्याची पद्धत. मिंट (नवी टोकने निर्माण करणे), बर्न (ती नष्ट करणे), पॉज (व्यवहार थांबवणे), कॅप (पुरवठ्याची कमाल मर्यादा), परमिट (सहीने परवानगी देणे) व व्होट्स (टोकनांच्या आधारे मतदान) हे नेहमीचे घटक. यांतील मिंट व पॉज यांच्यासोबत एक अधिकार येतो आणि तो कोणाच्या तरी हाती राहतो. त्यामुळे घटक निवडणे म्हणजे टोकनधारकांवर कोणाची किती सत्ता चालेल हे ठरवणेही आहे.

ईआरसी-२० या मानकाचे जनकत्व बहुधा फाबियान फोगेलस्टेलर यांना दिले जाते. त्यांचा प्रस्ताव नोव्हेंबर २०१५ मधला असून मानकाला मिळालेला २० हा आकडा त्या चर्चेचा अनुक्रमांक आहे. मात्र प्रमाणित कार्यांची मूळ कल्पना इथेरियमचे सहसंस्थापक व्हिटालिक ब्यूटेरिन यांच्या त्याआधीच्या टिपणात आढळते, आणि अधिकृत मसुद्यावरही दोघांची नावे आहेत. तेव्हा श्रेय दोघांचे मानणे अधिक सयुक्तिक. मानकातील अनिवार्य कार्ये सहाच : एकूण पुरवठा व खात्यातील शिल्लक सांगणे, टोकन पाठवणे, दुसऱ्याला खर्चाची परवानगी देणे, ती परवानगी तपासणे आणि तिच्या आधारे टोकन हलवणे. टोकन मुळात निर्माण करण्यासाठी मानकात कोणतेही कार्य नाही. घटकांची गरज तिथूनच सुरू होते.

सुटे गुण प्रोग्राममधील मूळ वर्गात (क्लास) मिसळण्याची कल्पना ब्लॉकचेनपेक्षा बरीच जुनी आहे. अशा सुट्या गुणासाठीची ‘मिक्सिन’ ही संज्ञा साधारणपणे लिस्प भाषेच्या फ्लेवर्स प्रणालीपर्यंत मागे नेली जाते. कॉन्ट्रॅक्ट लिहिण्याच्या सॉलिडिटी भाषेत हे काम बहुवारशाने, म्हणजे एका कॉन्ट्रॅक्टने अनेक पालक-कॉन्ट्रॅक्टांचे गुण घेऊन, होते, आणि वारशाचा क्रम सी-३ नावाच्या रीतीने लागतो. ही रीत पायथॉनमध्येही आहे, पण सॉलिडिटीत पालकांची नावे उलट क्रमाने, म्हणजे सर्वांत मूलभूत पालक आधी, लिहावी लागतात. २०१६ पासून विकसित होत आलेल्या ओपनझेपेलिन या तयार कॉन्ट्रॅक्ट-कोडच्या संग्रहामुळे हा मार्ग रूढ झाला. आज त्याच्या विझार्ड या वेब-साधनात चौकोनांवर टिचक्या मारल्या की कॉन्ट्रॅक्ट तयार होते. २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत टोकन पाठवणे, निर्माण करणे व नष्ट करणे या तिन्ही वाटा एकाच अंतर्गत कार्यातून नेण्यात आल्या. पॉज आणि व्होट्स एकत्र घेतल्यास दोघेही याच कार्यात आपापली भर घालतात.

दुसरा मार्ग डेलिगेटकॉलचा. यात घटक वेगळ्या पत्त्यावर राहतो आणि मूळ कॉन्ट्रॅक्ट स्वतःच्या साठ्यावर त्याचा कोड चालवते. तैनात कोडवरील २४,५७६ बाइटांची मर्यादा ओलांडण्यासाठी किंवा पुढे बदल करता यावेत म्हणून तो निवडतात. निक मज यांचा डायमंड प्रस्ताव, ईआयपी-२५३५ (ईआयपी म्हणजे इथेरियम सुधारणा-प्रस्ताव), याच परंपरेतला. या मार्गाचा धोका ६ नोव्हेंबर २०१७ रोजी दिसला. पॅरिटी कंपनीची अनेक वॉलेटे (निधी ठेवणारी कॉन्ट्रॅक्टे) एका सामायिक लायब्ररीवर अवलंबून होती आणि त्या लायब्ररीचा मालक नेमायचा राहिला होता. एका वापरकर्त्याने ते मालकपद घेऊन लायब्ररी नष्ट केली आणि सुमारे ५ लाख १३ हजार इथर (इथेरियमचे मूळ चलन) कायमचे अडकले. साध्या टोकनाला वारसाच पुरतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

परमिट घटकामागे परवानगीच्या मूळ पद्धतीतील अडचणी आहेत. अ ने ब ला १०० टोकनांची परवानगी दिली आणि नंतर ती ५० वर आणायचे ठरवले, असे समजा. अ चा बदल ब्लॉकमध्ये जाण्याआधीच, म्हणजे साखळीवर नोंद होण्याआधीच, ब ला तो दिसतो. तो आधीची १०० उचलतो, मग नवी ५०. अ चे १५० जातात. परवानगी आधी शून्य करून मग नवी देणे हा रूढ उपाय. परमिट ही शर्यत मुळातून संपवत नाही. परवानगीसाठीचा वेगळा व्यवहार मात्र वाचतो : धारक फक्त सही करतो आणि ती साखळीवर दुसरा कोणीही नेऊ शकतो. २०२० च्या ईआयपी-२६१२ ने याला प्रमाण रूप दिले. डाय या डॉलरशी जोडलेल्या टोकनात थोड्या निराळ्या रूपातली अशी सोय त्याआधीच होती.

टेथर कंपनीच्या यूएसडीटी या डॉलरशी जोडलेल्या टोकनात पॉज, काळी यादी आणि व्यवहारशुल्क आकारण्याची सोय, तिन्ही आहेत. त्याचे पाठवण्याचे कार्य मानकाप्रमाणे खरे-खोटे उत्तरही परत करत नाही. म्हणून इतर कॉन्ट्रॅक्टांना त्याच्यासाठी खास आवरण-कोड वापरावा लागते. युनिस्वॅप या टोकन-विनिमय प्रणालीच्या यूएनआय टोकनात मिंट आहे, पण पहिली चार वर्षे तो बंद होता आणि त्यानंतर एका वेळी पुरवठ्याच्या २ टक्क्यांपर्यंतच व तोही वर्षातून एकदाच चालतो. वेळ आणि प्रमाण दोन्ही कोडमध्येच बांधलेले असल्याने ही रचना विशेष अभ्यासण्याजोगी आहे.

भारतीय उदाहरणांत मॅटिक महत्त्वाचे. भारतीय संस्थापकांनी उभारलेल्या या प्रकल्पाच्या (पुढचे नाव पॉलिगॉन) चाचणी-साखळीचे नावच ‘मुंबई’ होते. मॅटिक टोकनाचा पुरवठा १,००० कोटींवर कायम होता. पुढे वार्षिक सुमारे २ टक्के नवनिर्मिती हवी झाली, तेव्हा मिंट आणि परमिट असलेले पीओएल हे नवे कॉन्ट्रॅक्ट काढावे लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये पॉलिगॉन साखळीचे मूळ टोकन म्हणून पीओएलने मॅटिकची जागा घेतली आणि इथेरियमवरील धारकांना आपली टोकने एकास एक प्रमाणात बदलून घ्यावी लागली.