ऑर्डर वाढल्या, मग आनंद कुठे आटला?

माझी एक मावसबहीण हाताने शिवलेल्या वह्या ऑनलाइन विकते. कागद कापणं, शिवणं, पुठ्ठा चिकटवणं, फोटो काढणं, लिस्टिंग लिहिणं, पार्सल बांधणं आणि ‘माझी ऑर्डर कुठवर आली?’ या प्रश्नाला दिवसातून दहा वेळा उत्तर देणं, सगळं ती एकटीच करते. मध्यंतरी तिच्याकडे गेलो होतो. ती पार्सलला टेप लावत होती, फोन टेबलावर पालथा पडलेला. तेवढ्यात ‘टिंग’ वाजलं. तिनं फोन उचलला नाही, मान वळवूनही पाहिलं नाही; पण तिचे दोन्ही खांदे कानांच्या दिशेने वर गेले आणि तिथेच राहिले. टेपचं टोक बोटाला चिकटलेलं. मग तिनं फोन उलटा केला. नवी ऑर्डर होती, तीन वह्यांची. ‘चला, अजून तीन,’ ती म्हणाली, तेही इतक्या कोरड्या आवाजात की मला वाटलं, कुणी ऑर्डर रद्द केली असावी.

दोन वर्षांपूर्वी पहिली ऑर्डर आली तेव्हा याच बाईने रात्री साडेअकराला फोन करून मला झोपेतून उठवलं होतं.

अशा माणसाला आपण काय सांगतो? ‘फार काम करतेस, चार दिवस सुट्टी घे.’ जितके तास जास्त तितका थकवा जास्त, हे आपलं गणित. ते अगदीच चूक नाही, पण अर्धवट आहे. नुसत्या कष्टाचा थकवा दोन रात्री नीट झोपलं की बराचसा उतरतो. तिने सुट्टीही घेऊन पाहिली. परत आल्यावर पहिल्या ‘टिंग’ला खांदे पुन्हा वर.

‘बर्नआउट’ हा शब्द आज या अर्थाने वापरला जातो तो हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाच्या १९७४ सालच्या लेखापासून. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात झोकून देऊन काम करणारी माणसं काही महिन्यांत विझत चाललेली त्याने पाहिली, आणि तो स्वतःही त्यांच्यातलाच एक होता. १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाख आणि सुसान जॅक्सन यांनी हे विझणं मोजायची प्रश्नावली तयार केली. त्यात तीन गोष्टी येतात: मनाची पार दमणूक, ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याबद्दल येणारा कोरडेपणा किंवा तिटकारा, आणि ‘माझ्या हातून काही होतच नाही’ ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचा समावेश आपल्या आजारांच्या वर्गीकरणात केला तो ‘आजार’ म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून.

पहिल्या दोन गोष्टी समजतात. मला कोडं पडतं ते तिसरीचं. विक्रीचे आकडे चढते आहेत, रेटिंग उत्तम आहे, आणि तरी बाई म्हणते, ‘काही जमत नाहीये मला.’ खोटं बोलते का? नाही. तिच्या मेंदूची हिशेब ठेवायची पद्धतच वेगळी आहे, आणि ती पद्धत माझ्या अत्यंत आवडीची असल्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

डोपामाइन हे मेंदूतल्या पेशींचं एक निरोप्या रसायन. वर्तमानपत्रांनी त्याला ‘आनंदाचं रसायन’ करून टाकलंय. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन सोडणाऱ्या पेशींत अतिशय बारीक तारा घालून त्यांचे विद्युत ठोके मोजले, तेव्हा चित्र वेगळंच निघालं. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी एकदम तडतडत. आनंदाचं रसायन म्हणायला जागा होती. मग रसाच्या आधी दर वेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. खूण, थोडा वेळ, रस. खूण, थोडा वेळ, रस. माकड हे शिकल्यावर तडतड खुणेला व्हायला लागली, आणि रसाला? काहीच नाही. रस तोच, तेवढाच, माकड पितंयही आवडीने, पण पेशी आपल्या नेहमीच्या संथ लयीत. शेवटी खूण दाखवून रस दिलाच नाही. तेव्हा ज्या क्षणी रस यायला हवा होता, नेमक्या त्याच क्षणी पेशींचे ठोके जवळजवळ थांबले. जे घडलंच नाही त्याची नोंद झाली, तीही वेळेसकट!

म्हणजे या पेशी ‘किती मिळालं’ हे सांगत नाहीत. ‘अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी मिळालं’ हे सांगतात. शुल्ट्झ, पीटर दायान आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये ही कल्पना गणितासकट मांडली, आणि पुढे २०१७ चा ब्रेन प्राइझ हा मेंदूसंशोधनाचा पुरस्कार शुल्ट्झ, दायान आणि रे डोलन यांना विभागून मिळाला.

गणिताचा सर्वांत साधा अवतार एका ओळीत बसतो: नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा + शिकण्याचा वेग × (मिळालं − अपेक्षित होतं). कंसातली वजाबाकी म्हणजेच पेशींची तडतड, आणि शिकण्याचा वेग म्हणजे त्या वजाबाकीचा किती हिस्सा अपेक्षेत मिसळायचा तो. आता एका ऑर्डरचं मोल १० धरू आणि शिकण्याचा वेग ०.२. सुरुवातीला अपेक्षा शून्य. पहिली ऑर्डर येते, वजाबाकी १०. रात्री साडेअकराचा फोन तो हाच. अपेक्षा आता २ झाली. दुसऱ्या ऑर्डरला वजाबाकी ८, तिसरीला ६.४, चौथीला ५.१२. दर वेळी आधीच्या आठ दशांश. अकराव्या ऑर्डरला उरतं जेमतेम १.०७. ऑर्डर तीच, मोल तेच दहा. कप्प्यात पडतं एक. आणि बाराव्या वेळी ऑर्डर आलीच नाही, तर वजाबाकी उणे ९.१४! धंदा भरभराटीला आलाय त्या दिवसांत ऑर्डर आल्याचा आनंद एकाचा आणि न आल्याचा धक्का नवाचा. शंभर ऑर्डरींची सवय झालेल्या माणसाला नव्वद आल्या की तो रडकुंडीला येतो, ते हावरटपणामुळे नव्हे.

कागदाचा चिटोरा घेऊन हे आकडे स्वतः मांडून पाहा, मजा येते. मजा येत नसेल तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा, माझी हरकत नाही. पण त्याआधी एक बारकावा. या पेशी मुळातच संथ, सेकंदाला काहीच ठोके. वर उसळायला भरपूर जागा, खाली जायला शून्यापर्यंतचीच. म्हणून उणे नऊचा धक्का एकटा डोपामाइन नीट मोजून सांगू शकत नाही. निराशेची नोंद ठेवणारी आणखी खातीही मेंदूत आहेत. तिकडे वळलो तर लेख संपणार नाही.

माकडापासून वह्या विकणाऱ्या बाईपर्यंतची ही उडी माझी आहे. बर्नआउट म्हणजे निव्वळ डोपामाइनचा खेळ, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण ‘डोपामाइन डिटॉक्स’ (फोनसारख्या सुखांचा उपास) नावाचं जे खूळ सध्या विकलं जातंय, त्यापेक्षा या उडीला बरा आधार आहे. डोपामाइन हे काही शरीरात साचणारं विष नाही, आणि उपासाने ते धुऊन निघत नाही.

आता त्या ‘टिंग’कडे. ते खुणेसारखंच आहे, पण बिघडलेल्या खुणेसारखं. नवी ऑर्डर, परत पाठवलेला माल, एका चांदणीचा रिव्ह्यू, ‘पार्सल फुटलेलं आलं’ अशी तक्रार, सगळ्यांना आवाज एकच. फोन उलटा करेपर्यंत काय निघेल ते कळत नाही. २००३ मध्ये शुल्ट्झ यांच्याच गटाने दाखवलं की खुणेनंतर रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा याच पेशींची हालचाल खूण आणि निकाल यांच्या मधल्या काळात हळूहळू चढत जाते, आणि नक्की मिळणार किंवा नक्की नाही हे ठाऊक असेल तेव्हा ती तशी चढत नाही. मावसबहिणीचे खांदे मला तेव्हाच आठवले. टेप लावून ती दमत नाही. टेप लावतानाही ती कुठल्यातरी निकालाची वाट बघत असते, आणि ही वाट रात्री दिवा मालवल्यावरही संपत नाही.

वाट बघणं शरीराला फुकट पडत नाही. धोक्याची चाहूल लागली की मेंदूतून निरोप निघतो, पियुषिका ग्रंथीमार्फत मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतो, आणि त्या कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. कॉर्टिसॉल मेंदूत पोचून ‘आता पुरे’ सांगतं आणि निरोप थांबतो. ही झाली एका धोक्याची गोष्ट. पण झालेल्या तक्रारीचा आणि होऊ शकणाऱ्या तक्रारीचा विचार मनात घोळत राहिला, तर मेंदू निरोप पुन्हा पाठवू शकतो. वारंवार चालू-बंद होण्याची जी झीज होते तिला ब्रूस मॅकइवन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये ‘अॅलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं.

इथेच एक दुकान थाटलेलं असतं: ‘अॅड्रिनल फटीग’. ताणाने तुमच्या अधिवृक्क ग्रंथी थकल्या, आमच्या गोळ्या घ्या. २०१६ मध्ये ५८ अभ्यासांचा आढावा घेऊन संशोधकांनी निष्कर्ष काढला की असा आजार असल्याला पुरावा नाही. या ग्रंथी खरोखर निकामी होणारा अॅडिसनचा आजार वेगळा, तो तपासणीत दिसतो. तुमच्या थकव्यामागे थायरॉइड, रक्ताची कमतरता किंवा नैराश्य असू शकतं, आणि ते डॉक्टर शोधतात, जाहिरात नव्हे. बुध वक्री असल्यामुळे विक्री अडते म्हणणाऱ्यांबद्दल एवढंच सांगतो की बुध मागे गेल्यासारखा दिसतो तो पृथ्वी आणि बुध यांच्या वेगांतल्या फरकामुळे, आणि वर्षातून तीन-चार वेळा दिसतोच.

मग करायचं काय? कोस्टाडिन कुश्लेव्ह आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच ईमेल बघायला सांगितलं आणि एक आठवडा मनाला येईल तेव्हा. तीनदावाल्या आठवड्यात त्याच माणसांना ताण कमी जाणवला. ईमेल म्हणजे ऑर्डर नव्हे, हे मान्य. पण ठरलेल्या वेळी बघितलं की दिवसभरातले चाळीस निकाल तीन होतात, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. दुसरी गोष्ट मॅसिकाम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांतली: अर्धवट राहिलेलं काम दुसरं काही करताना मध्ये-मध्ये डोकावतं, पण ते नेमकं कधी, कसं करणार हे ठरवून टाकलं की डोकावणं थांबतं. काम पूर्ण करावं लागत नाही! ‘त्या फुटलेल्या पार्सलचं बघायला हवं’ हे रात्रभर डोक्यात फिरतं. ‘उद्या दहाला फोटो मागवायचा आणि बदली वही पाठवायची’ असं कागदावर लिहिलं की ते बरंचसं गप्प बसतं.

तिला मी हे सगळं सूत्रासकट सांगितलं. सूत्राशी ती जांभई देत होती. पण फोनचे आवाज तिनं बंद केले, फोन खणात टाकला, लिस्टिंगवर उत्तराच्या वेळा लिहिल्या. पहिला आठवडा तिचा हात दर दहा मिनिटांनी खणाकडे जायचा. शिकलेली खूण अशी चटकन पुसली जात नाही. एक ऑर्डर उशिरा बघितल्यामुळे हातची गेली, त्यावरून मला बोलणीही बसली.

परवा दुपारी तिला फोन केला, उचलला नाही. तीन तासांनी मेसेज आला: ‘वही शिवत होते. काय काम होतं?’