ग्नूप्लॉट स्क्रिप्ट
ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या प्रणालीला द्यायच्या आज्ञा ज्या साध्या मजकूर-फाइलीत क्रमाने लिहून ठेवतात, तिला ग्नूप्लॉट स्क्रिप्ट म्हणतात. टॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी १९८६ मध्ये या प्रणालीचे काम सुरू केले. नावात साम्य असले, तरी जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाशी तिचा संबंध नाही.

माउसने एकेक पर्याय निवडून सजवलेला आलेखही सुबक दिसतो. परंतु नवे आकडे हाती आले की रेषेची जाडी, रंग, अक्षांची मर्यादा हे सारे आठवून पुन्हा ठरवावे लागते. स्क्रिप्ट असली, तर ती परत चालवली की काम भागते. शिवाय मूळ आकड्यांवर कोणते संस्कार झाले, हे त्यात उघड वाचता येते आणि संशोधनाच्या दृष्टीने हाच तिचा सर्वांत मोठा गुण मानावा लागेल.

समजा, एका फाइलीत पहिल्या स्तंभात महिन्याचा क्रमांक आणि दुसऱ्यात मिलिमीटरमधील पाऊस आहे. ‘प्लॉट’ आज्ञेतील ‘यूझिंग’ या भागात दुसऱ्या स्तंभाला १० ने भागावे असे लिहिले, की मूळ फाइलीला हात न लावता आलेख सेंटिमीटरमध्ये येतो. मोजणी झाली नसेल तेथे −९९९ लिहिलेले असल्यास, ऋण आकडा अग्राह्य धरावा अशी अटही तेथेच घालता येते. नाहीतर रेषा त्या महिन्यात खोल दरीत कोसळल्यासारखी दिसते. ‘सेट एक्सटिक्स’ या आज्ञेत ६ समोर ‘जून’, ७ समोर ‘जुलै’ असे लिहिले, की आडव्या अक्षावर मराठी महिने उमटतात. त्यासाठी चित्र कैरो या चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअर-लायब्ररीवर आधारित टर्मिनलमधून (टर्मिनल म्हणजे चित्र कोणत्या प्रकारात निघेल हे ठरवणारा भाग) काढावे, कारण तेथे अक्षरांची मांडणी पँगो ही सॉफ्टवेअर-लायब्ररी करते आणि योग्य फाँट दिल्यास ‘ऑगस्ट’, ‘सप्टेंबर’ यांतील जोडाक्षरे तुटत नाहीत.

२०१२ मधील ४.६ या आवृत्तीपासून ‘डू फॉर’ हे आवर्तन, म्हणजे त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवण्याची सोय, उपलब्ध झाले. त्यामुळे महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचे, एकाच मापाच्या अक्षांवरचे ३६ आलेख काही ओळींत निघतात. तुलनेसाठी अक्ष असे समान असणे अत्यावश्यक आहे. फाइलीचे नाव किंवा वर्ष स्क्रिप्टला बाहेरूनही पुरवता येते.

आज्ञांचा क्रम मात्र पाळावा लागतो. ‘सेट टर्मिनल’ने चित्राचा प्रकार ठरवून मग ‘सेट आउटपुट’ने फाइलीचे नाव द्यायचे असते. प्रणाली चालू ठेवूनच स्क्रिप्ट चालवली असेल, तर शेवटी ‘अनसेट आउटपुट’ लिहून फाइल बंद करावी. अन्यथा चित्राचा काही भाग लिहायचा राहतो आणि पीडीएफ उघडत नाही.